गुरुजींच्या नावाची मूठ

बेटावर राहायला मिळणं म्हणजे भाग्य, असं म्हणणारे पुष्कळ भेटले मला. एकजात सगळे संध्याकाळच्या आत परत जाणारे. शाळा तपासायला केंद्रप्रमुख येत, पाण्याकडे बघत, मोबाइलवर फोटो काढत, 'वहिनी, तुम्ही तर स्वर्गात राहता' म्हणत आणि माझ्या हातचं भरीत-भाकरी खाऊन सूर्य कलायच्या आधी होडीत बसत. बसा ना मग स्वर्गात, असं तोंडावर यायचं. नवऱ्याची नोकरी होती म्हणून गिळायचे.

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी धरण झालं तेव्हा गाव पाण्यात गेलं. बहुतेकांनी नव्या वसाहतीत प्लॉट घेतले. काही घरं मात्र जुन्या शिवारातल्या टेकाडावर जाऊन बसली ती बसलीच. मासे धरायचे, उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात टरबूज नि भुईमूग लावायचा. पावसाळ्यापासून होळीच्या आसपासपर्यंत चहूबाजूंनी पाणी. त्या टेकाडावर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा होती. एका खोलीत मुलं, दुसऱ्या खोलीत आम्ही: माझे हे, मी आणि आमची पोरगी.

मी पिंप्राळ्याची. लग्नाआधी जळगावात स्कुटी उडवत फिरणारी. दारात रिक्षा, कोपऱ्यावर किराणा, गल्लीत पंधरा बायका भांडायला. लग्न ठरलं तेव्हा हे नशिराबादजवळच्या शाळेत होते, सासरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बदलीची ऑर्डर आली नि आम्ही इथे येऊन पडलो. 'अवघड क्षेत्र आहे, तीन वर्षं काढली की हवी ती शाळा मागता येते,' असं ह्यांनी मला समजावलं. नव्याचे नऊ दिवस मीही हौसेने काढले. पाणी बघितलं, बगळे बघितले, ताजे मासे खाल्ले. दहाव्या दिवशी मीठ संपलं आणि होडी तिसऱ्या दिवशी जाणार होती, तेव्हा डोकं ताळ्यावर आलं.

होडी एकच. बाजाराच्या दिवशी जायची, एरवी नावाड्याच्या मर्जीवर. वारा सुटला की नाही, धरणाचे दरवाजे उघडले की नाही, त्याच्या घरी सुतक असलं की नाही. मोबाइलला रेंज फक्त टेकाडाच्या टोकावर, पिंपळाखाली. तिथे उभं राहून आईशी बोलायचे तर मागून बकऱ्या ढुशा देत. पोरगी पाच वर्षांची झाली, तिच्या वयाचं तिथे एकही मूल नव्हतं. ती कोंबड्यांशी शाळा-शाळा खेळायची. एकदा माहेरी नेली तर रिक्षाच्या हॉर्नला घाबरून माझ्या पदरात शिरली. आई म्हणाली, अगं, रानटी करून ठेवलीस लेकराला. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

ह्यांचं मात्र वेगळं चाललं होतं. आधीचे मास्तर झेंडावंदनाला यायचे नि पगाराच्या दिवशी चोपड्यात दिसायचे, असं गाव सांगे. हा माणूस बायकोपोरीसकट येऊन राहिला! गावाने डोक्यावरच घेतलं. कुणाच्या पोराला ताप आला, गुरुजी. कुणाच्या जाळ्यावरून भांडण, गुरुजी. लग्नाची तारीखसुद्धा गुरुजींना विचारून. जळगावकडच्या शाळेत हे सगळ्यात धाकटे होते, हेडमास्तरांचा चहा सांगायचे. इथे ह्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. माणसाला मान मिळाला की त्याला पाणीसुद्धा गोड लागतं. ते पाणी मला हंड्याने भरावं लागत होतं, एवढाच काय तो फरक.

तरी मी दिवस काढत होते, कारण तीन वर्षं भरली होती. त्या उन्हाळ्यात बदल्यांचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. हे पिंपळाखाली जाऊन बसले, संध्याकाळी येऊन म्हणाले, भरला. मी पोरीला उचलून खोलीभर नाचले. पिंप्राळ्यात भाड्याने दोन खोल्या बघून ठेव, असा आईला निरोप दिला. पोरीसाठी शाळासुद्धा मनात धरून ठेवली.

मग श्रावण लागला आणि कानबाई आली.

खानदेशच्या बाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावणातल्या एका रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, सोमवारी तिला नदीवर पोचवतात. तिच्या जेवणाला रोट म्हणतात. घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू काढायचा, त्याचंच पीठ, त्याच्याच पुरणाच्या पोळ्या. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. परक्याला कणसुद्धा द्यायचा नाही, उरवायचा नाही, टाकायचा नाही. नोकरीसाठी पुण्या-सुरतेला गेलेला माणूससुद्धा रोटाला घरी येतो, कारण त्याची मूठ तिथे निघालेली असते. आणि माणसाची मूठ एकाच घरी निघते. ह्यांची निघायची नशिराबादकडच्या घरी, मोठ्या जेठांच्या, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाच्या, हातून. त्यामुळे दुनिया इकडची तिकडे झाली तरी वर्षातून त्या एका दिवशी आम्ही बेटावरून बाहेर पडत असू. मी पंचमीपासूनच पिशवी भरून ठेवायचे.

त्या वर्षी शुक्रवारी हे म्हणाले, वरून पाणी सोडलंय, नावाडी नाही म्हणतोय, यंदा जमणार नाही. मी चिडले, रडले, पिशवीला लाथ घातली. पण पाण्यापुढे कुणाचं चालतं? शनिवारी दुपारी नानांच्या घरून बोलावणं आलं. नाना म्हणजे टेकाडावरचे सगळ्यात वडीलधारे. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. रोटाचा गहू निवडायला बायका हव्या होत्या. घरी बसून कुढण्यापेक्षा बरं, म्हणून मी गेले.

ओट्यावर मोठमोठी गंगाफळं मांडलेली होती. देठ ओले, ताजी. भोपळा टेकाडावर होत नाही. मी अक्कांना विचारलं, ही कुठून आली? त्या म्हणाल्या, सकाळी होडी गेली होती ना चोपड्याला.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. होडी गेली होती.

तेवढ्यात नाना मुठी काढायला बसले. एकेकाचं नाव घ्यायचे, मूठ भरायचे, वर थोडी आणखी घालायचे. स्वतःची, मुलांची, नातवांची, पाळण्यातल्या पणतवाचीही. बायका गहू निवडत होत्या, त्यांच्यापैकी कुणाचं नाव यायचंच नव्हतं, त्यामुळे कुणी वर बघतही नव्हतं. शेवटी नानांनी पुन्हा मूठ भरली आणि म्हणाले, "हाई गुरजीनी."

मला वाटलं म्हातारा चुकला. मी हसत म्हटलं, नाना, त्यांची मूठ त्यांच्या घरी निघते. परक्याची मूठ रोटात घेतली तर कानबाई कोपेल तुमच्यावर. नाना अगदी भारावून बोलले. आमच्या सात पिढ्यांत असं झालं नाही, म्हणाले, पण गुरुजी आता परके राहिले नाहीत. गावाने विचारलं आणि गुरुजींनी स्वतः हो म्हटलं. भावालाही फोन करून सांगितलं, माझी काढू नका म्हणून.

त्या भोळ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. जे देता येईल त्यातलं सगळ्यात मोठं त्याने दिलं होतं. मला मात्र त्या सुपातला गहू उचलून धरणात फेकावासा वाटला.

घरी आले तेव्हा हे पोरीच्या पाटीवर मोर काढून देत होते. मी चप्पलही काढली नाही. खानदेशी माणूस आपली मूठ उगाच हलवत नाही. ज्याला उद्या जळगावला बदलून जायचंय तो तर नाहीच नाही. मी सरळ विचारलं, "अर्ज भरलाच नव्हता ना?"

ह्यांनी मोराचा पिसारा पुरा केला. मग म्हणाले, "नाही भरला. मी गेलो तर इथे दुसरा कुणी येणार नाही. ही शाळा बंद होईल."

मग मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शाळेची दया येते, पोरीची येत नाही? मी कोण, ह्या टेकाडावरची हातपंपाची दांडी? मला तोंडावर नाही म्हणाला असतात तर भांडले असते, जिंकले नाहीतर हरले असते. तुम्ही मला महिनोन्महिने खोट्या आशेवर झुलवलंत.   आणि सगळ्यात वाईट म्हणजे शाळेबद्दल ते खोटं बोलत नव्हते, हे मला ठाऊक होतं. ती मुलं मीही रोज बघत होते. त्यामुळे मला धड शिव्याही देता येईनात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

रविवारी रोटाची पंगत बसली. हे नानांच्या मुलांच्या रांगेत, कपाळाला गुलाल. पुरुषांचं उरकल्यावर बायका बसल्या. अक्कांनी माझ्यासमोर ताट ठेवलं: पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. मी हात लावला नाही. रोट खाल्ला की मीही इथली, कायमची. समोरच्या बायका कुजबुजायला लागल्या. ताट परत करणं म्हणजे कानबाईचा अपमान, आणि खाणं म्हणजे जन्मठेप.

अक्का माझ्याजवळ उकिडव्या बसल्या. त्यांनी आवाज खाली आणला, पण शब्द चावले नाहीत.

"मूठ गुरजीनी शे. तुनी नही. बाईनी मूठ कोनी काढत नही, व माय. मंग तुले कोनी बांधेल शे?"

 सबंध जन्मात त्या चोपड्याच्या बाजारापलीकडे गेल्या नव्हत्या. मी विचारलं, मग अक्का, तुम्ही का नाही गेलात कधी?

"माले हाई कोनी सांगं नही," अक्का म्हणाल्या, आणि माझ्या पोळीवर तूप वाढलं.

मी जेवले. पोटभर जेवले, ताट पुसून खाल्लं. सोमवारी कानबाईला पाण्यात पोचवलं, त्या गर्दीत गाणीही म्हटली. मंगळवारी सकाळी पिशवी उचलली, पोरीचं बोट धरलं आणि ह्यांना सांगितलं, आम्ही पिंप्राळ्याला जातो, राहायला. तुम्हाला यायचं असेल तर या. इथून पुढे मी ह्या पाण्यात राहणार नाही.

 हे पिशवी माझ्या हातातून घेऊन उतारावरून पुढे चालू लागले. होडीत आधी पोरीला बसवलं, मग मला हात दिला. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. वर शाळेच्या दारात मुलं जमली होती, गुरुजी कधी येतात म्हणून बघत होती. ह्यांनी होडीची कड धरून ठेवली होती. मला वाटलं, आता चढतात. देवाशप्पथ, मी जागा करून दिली, बाजूला सरकले.

ते चढले नाहीत. कडही सोडली नाही. नावाडी वल्हं हातात घेऊन थांबला होता. थोड्या वेळाने तो संकोचून म्हणाला, "गुरजी, सोडा ना."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हात तसाच होता. मग मीच वाकले आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली.