दुभती शेळी कोण विकतं?

काष्टीच्या बाजारात मी तीस वर्षं शेळ्यांची दलाली करतोय. जनावराच्या आधी विकणाऱ्याचं तोंड बघायचं, हा माझा धंद्याचा नियम. दुभती शेळी घेऊन कुणी आलं की समजायचं, पाणी कुठंतरी मुरतंय. एक तर शेळी दूध चोरते, नाही तर लाथ मारते. एवढा शहाणा मी, पण लंकाबाईपुढं माझं शहाणपण दोन मिनिटंही टिकलं नाही.

लंकाबाई साठीची. शेजारच्याच गावची. लिंबाच्या बागांत तोडणीला जाते, त्यामुळं हातांवर कायम काट्यांचे ओरखडे. सगळा बाजार तिला मावशी म्हणतो. दोन वर्षांमागं भर उन्हाळ्यात ती शेळी घेऊन आली. कास बघितली, दात बघितले, शेळी खणखणीत होती. आमच्याकडं भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. मी रुमाल टाकला, तिचा हात धरला.

"मावशी, आधी खोड सांग."

"खोड शेळीत न्हाई."

"मग दुभती शेळी कोन इकतं?"

कांद्याचा भाव सांगावा तशा आवाजात ती म्हणाली, "मालकाला एचआयव्ही हाय. मला न्हाई. हुऊ नये म्हनून मला रोज गोळी घ्यावी लागती. त्येंच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळत्यात, माज्या इकत. उन्हाळ्यात तोडनी बंद, म्हनून शेळी."

मी हात मागं घेतला. विचार करून नाही, आपोआप गेला. रुमाल मातीत पडला. आजही आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

तिनं रुमाल उचलला, झटकला, माझ्या खांद्यावर टाकला. "बोटांनी लागत न्हाई, हनुमंता. आता उगडंच बोल."

ओशाळून मी मनातल्यापेक्षा हजार रुपये जास्त सांगितले. तिनं ते लगेच ओळखलं. "दया नगं. भाव सांग." आणि बाजारभावानंच शेळी देऊन मोकळी झाली. मग मीच तिला चहाला थांबवलं, तेव्हा बाकीचं कळलं.

आबासाहेब, म्हणजे तिचा नवरा, वर्षभर खंगत होता. रिपोर्ट आला तेव्हा कुठून लागलं हे तिनं विचारलं. त्यानं खरं सांगितलं. दोन दिवस तिनं चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापल्या, त्या दोघांच्या.

डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, की गोळ्यांनी आबासाहेबाच्या रक्तातला विषाणू दबायला सहाएक महिने लागतील. तोवर निरोध वापरायचा, आणि तुम्ही दोघं एकत्र राहणार असाल तर तुम्हीही रोज एक गोळी घ्यायची. वय झालेलं, म्हणून मध्ये मध्ये किडनीची तपासणी, तीही पदरची. "एकत्र म्हंजे?" तिनं विचारलं. डॉक्टर चाचरले. तर हीच म्हणाली, "आमी एकाच गोदडीत झोपतो, सायेब. गोळी लिवा." मी बाजारातला माणूस, कानावर काय काय पडतं, पण हे ऐकून मीच चहाच्या कपात बघत बसलो.

चार महिने तिनं लिंबं तोडून गोळ्या घेतल्या. मग तोडणी थांबली, तिची डबी रिकामी झाली. एका सकाळी आबासाहेब अडकित्ता घेऊन बसलेला दिसला. सुपारीसारखी त्यानं स्वतःची गोळी मधोमध कातरली होती. अर्धी तिच्यापुढं धरून म्हणाला, "निम्मी तुजी." घरात आयुष्यभर सगळं निम्मंनिम्मंच झालेलं, त्याला त्यात वावगं ते काय वाटणार? पण अर्ध्या गोळीनं त्याचं औषधच लागू पडेनासं होईल आणि तिचंही रक्षण होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याला उरलेली अर्धीही गिळायला लावली, अडकित्ता उचलून शेजारणीकडं देऊन टाकला आणि शेळीचं दावं सोडलं.

त्या शेळीच्या पैशांत गोळ्याही झाल्या, तपासणीही झाली. पुढं पावसाळा सरता सरता दोघं बाजारात भेटली. आबासाहेबाच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं. रिपोर्टात विषाणू सापडत नाही, आता त्याच्यापासून हिला लागायचं नाही, फक्त त्यानं स्वतःची गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हिची गोळी बंद झाली होती. मला मनापासून आनंद झाला. पण माझी जीभ कुठली गप्प बसायला!

"मावशी, एवढा खटाटोप कशाला केलास? ह्या वयात सहा महिने येगळं झोपायचं. शेळी तरी राहिली असती."

ती रागावली नाही. आबासाहेब पलीकडं भाजी निवडत होता, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "रिपोट आला तवा पोरांनी त्येंचं ताट येगळं केलं. तांब्या येगळा केला. नातवाला मांडीवरनं उचलून नेला. मंग मीबी येगळी झाले आस्ते, तर ते गोळी कुनासाठी घेत बसले आस्ते रं?"