जावयाकडचं डीमॅट खातं

आदिलाबादला कचेरीत माझी ओळख 'फाइल परत पाठवणारा माणूस' अशी आहे. महसूल खात्यात माझ्या टेबलावरून अपुरा कागद पुढे जात नाही, आणि त्याचा मला अभिमानच आहे. असा माणूस स्वतःच्या खिशातली गळती इतकी वर्षं कशी बघत राहिला, असं विचाराल तर त्याचं कारण एकच: जावई.

धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या जावयाने, नुकतीच एका शेअर ब्रोकरची एजन्सी घेतली होती. पहिलं गिऱ्हाईक अर्थातच मी. तो पेढे घेऊन घरी आला, आईने चहा ठेवला, आणि चहाच्या कपाशेजारीच मी डीमॅट खात्याच्या अर्जावर सह्या केल्या. तेव्हापासून पगार झाला की थोडे थोडे शेअर्स घेत आलो. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायचा नाही, एवढीच इच्छा. पण प्रत्येक खरेदीमागे ब्रोकरेज कापलं जायचं, वर दरसाल खातं सांभाळायचे वेगळे पैसे.

मी कुरकुर केली की आई म्हणायची, "जाऊ दे नं रे. पैसे बहिणीच्याच घरी जाऊन राह्यले. ओवाळणी समज."

मी तसं समजलो. नुसतं समजलो नाही, हिशेबातही धरलं. भाऊबीजेला ताटात एक साधीशी नोट टाकायची आणि उरलेली ओवाळणी वर्षभर चालूच आहे, असं स्वतःला सांगायचं. मला हा हिशेब अगदी चोख वाटायचा.

मग एका सहकाऱ्याने मोबाइलवर त्याचं खातं दाखवलं. शेअर्स तेच, खरेदीला ब्रोकरेज शून्य. मी दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. मी काही दानशूर नाही. त्याच दिवशी ठरवलं, शेअर्स न विकता जसेच्या तसे नव्या खात्यात न्यायचे आणि जुनं खातं बंद करायचं.

यात अवघड काही नसतं. नवं खातं फोनवरच उघडलं. जुन्या ब्रोकरकडे एक अर्ज दिला की शेअर्स इकडून तिकडे जातात. अवघड होतं ते वेगळंच. आमच्यात जावयाशी पैशाचं बोलत नाहीत. जावयाला फक्त आग्रहाने वाढतात. माझ्या मामांनी एकदा घरच्या लग्नाचे कपडे जावयाच्या दुकानातून न घेता दुसरीकडून घेतले. मामेबहीण राहायला जैनथला, ऑटोने येता येईल इतकी जवळ, पण पुढे कित्येक वर्षं ती माहेरी फिरकली नाही. मला एकच बहीण. तिने यायचं सोडलं तर ते वाचलेलं ब्रोकरेज काय जाळायचंय? तरीही माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

जावई बोथ गावी गिऱ्हाइकांकडे गेल्याचं कळलं, त्या दुपारी मी त्याच्या ऑफिसात गेलो. टेबलावरच्या मॅडमकडे अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय मी कुठूनच उठत नाही.

त्यानंतर बहिणीचे फोन थांबले. रविवारी हटकून येणारा फोनही आला नाही. आईने तोंड फुगवलं.

"दिवाळीच्या तोंडावर तुले हेच सुचलं काय?"

"मी काय चोरी केली?" मी म्हणालो. चोरी नव्हती केली, पण दुपार मात्र चोरासारखी निवडली होती, आणि ते मला टोचत होतं.

एका संध्याकाळी जावयाची मोटरसायकल दारात उभी राहिली. त्याच्या हातात माझा अर्ज होता. आई लगबगीने पाणी आणायला आत गेली. मी तयारीतच बसलो होतो. दर, बिलं, टक्केवारी, सगळं तोंडपाठ.

"भाऊ, ही दस्तखत कोणाची हाय?" त्याने कागद पुढे केला.

"माहीच. काऊन?"

"तेलुगूत हाय."

होतीच. कचेरीत लोक दिवसभर 'संतकम, संतकम' म्हणत सहीसाठी कागद पुढे सरकवतात आणि माझा हात तेलुगूत वळतो. पण खातं उघडलं ते घरात, आईच्या चहापाशी, आणि घरात माझा हात मराठीत चालतो. हैदराबादच्या हेड ऑफिसात जुनी सही मराठी, अर्जावरची तेलुगू. अर्ज सरळ परत आला असता. आणि चूक कोणाची, तर फाइल परत पाठवणाऱ्या माणसाची!

"येऊ द्याचा होता परत," मी म्हणालो. "तुमचं गिऱ्हाईक तरी राह्यलं असतं."

"अन् तुमी म्हटलं असतं, जवायानं अडवलं." तो हसला, पण पुरतं नाही. "मी नसतानी कायले गेले, भाऊ? मले म्हटलं असतं तं मीच भरून देल्ला असता. गिऱ्हाईक गेलं तं दुसरं भेटते. साळा दुसरा कुठून आणू?"

त्याने कोरा अर्ज पुढे केला. मी मराठीत सही केली. त्याने ती जुन्या सहीशी ताडून पाहिली, शेवटचं शेपूट आखूड आलं म्हणून पुन्हा करायला लावली. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. त्या संध्याकाळी तो माणूस मला फार आवडला.

थोड्याच दिवसांत शेअर्स नव्या खात्यात दिसू लागले, एकही कमी नाही. निर्णय बरोबरच होता, आजही मी तो कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

भाऊबीजेच्या सकाळी मात्र माझं लक्ष सारखं दाराकडे होतं. बहीण आली तेव्हा जीव भांड्यात पडला. तिने ओवाळलं, मी ताटात पाकीट ठेवलं. तिने ते तिथेच उघडलं.

"इतके? काऊन रे दादा?"

"आता ब्रोकरेज वाचून राह्यलं नं. इतकी वर्षं ओवाळणी तिकडूनच येत होती तुह्याकडे."

तिने ताट खाली ठेवलं. "ते तं त्यांच्या धंद्यात जाये. ऑफिसचं भाडं, मॅडमचा पगार. मले कुठी दिसलं?" मग आवाज बारीक झाला. "मले वाटे, लगन झालं अन् दादाचा हात आखडला."

माझ्या चोख हिशेबातला एक रुपयासुद्धा तिला ओवाळणी म्हणून पोचला नव्हता. आणि असं वाटत असूनही ती दर भाऊबीजेला न चुकता आली होती. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

"रडू नोको," ती म्हणाली आणि ताटातला पेढा माझ्या तोंडात कोंबला. "आता जे द्याचं ते ताटातच देत जाय. मले दिसलं पाहिजे."