ताटातली बियर

मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका बारमध्ये माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वेटर आहेत. मासा तळण्याआधी ताटात घालून गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि दर ठरवायचा, ही तिथली रीत. मालकाने मेनूत क्राफ्ट बियरपुढेही किंमत न छापता ‘दर विचारा’ एवढंच लिहिलं. ही सरळ लबाडी आहे. आम्ही ग्राहक संघटनेवाले तिच्याविरुद्ध पत्रकं वाटतो, पण वाचतो कोण?

हे गृहस्थ मात्र बाटलीही ताटात घालून आणतात आणि छापील किमतीखाली अंगठा धरतात. “ह्यो दुकानातलो दर. हयसर दुप्पट. वरचे पैशे वाऱ्याचे.”

परवा मालक माझ्यासमोरच भडकला. “ती बियर आसा रे, सुरमय न्हय. परत दाखवलंस तर उद्या कामार येव नको.”

“बरां,” ते म्हणाले.

तेवढ्यात पुण्याच्या एका कुटुंबाने तीच बियर मागितली. या गृहस्थांनी ताट पुसलं, त्यात बाटली ठेवली आणि मालकासमोरूनच टेबलाकडे गेले.

“दुप्पट?” त्यातल्या बाई म्हणाल्या.

“एकच घेवा. आवडली तर दुसरी सांगा.”

त्यांनी चार घेतल्या. मालकाने चारही बाटल्यांचं दुप्पट दराने बिल केलं. दुप्पट दर ही लूटच आहे, हे माझं म्हणणं कायम आहे. ते मात्र अजून कामावर आहेत.