दोन प्रतिष्ठित गृहस्थ

आमच्या शेजारचा बब्रुवान बनसोडे उस्मानाबादच्या कलेक्टरला निनावी तक्रारी लिहितो, असं जळकोटात गेले चार महिने बोललं जातं. रोजगार हमीच्या नालाबांडिंगच्या कामावर माणसं पन्नास आणि हजेरीला ऐंशी, हे वर कळवणारा तोच म्हणे. पुरावा काय, तर तो दर आठवड्याला दुकानातून कोरे ताव घेतो, दिवसभर दार लोटून लिहितो, आणि जाडजूड पाकीट स्वतः टपालपेटीत टाकून येतो. दुसऱ्याच्या हाती देत नाही.

यातलं ताव-पाकीट तेवढं खरं. बाकीचं मी उठवलेलं. स्टँडवर कोंडिबाच्या हॉटेलात बसलो होतो, समोरून हा पाकीट घेऊन चालला होता. मी म्हणालो, "निघाली बघा कलेक्टरची डाक." चार जण हसले. पाचवा होता कामावरचा मुकादम, तो काही हसला नाही. दिवस मावळायच्या आत गोष्ट गावभर झाली. मला वाटलं, दोन दिवसांत विरेल.

बब्रुवान लिहितो ते नोकरीचे अर्ज. बी.ए. झालाय, दुसऱ्या वर्गात. बहात्तरच्या दुष्काळात आईबाप खडी फोडत होते तेव्हा हा खडीच्या ढिगावर बसून पाढे म्हणायचा. आता ती दोघं, आबाराव आणि कडूबाई, दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्याशिवाय परतत नाहीत. तोवर घरात हा एकटा. आमच्यात एकच भिंत, तीही मातीची. लिहून झालं की तो अर्ज मोठ्यानं वाचतो. "महोदय, आपल्या जाहिरातीस अनुसरून" इथपासून "आपला विश्वासू, बब्रुवान आबाराव बनसोडे" इथपर्यंत. त्या घरातून दिवसभरात तेवढाच आवाज. कधी शेवटची ओळ दोनदा वाचतो. माझी बायको विचारायची, "पोरगं कुणाशी बोलतंय वो?" मी म्हणायचो, "महोदयाशी."

अर्जासोबत तो आणखी एक पाकीट घालतो. तिकीट लावलेलं, वर स्वतःचाच पत्ता. उत्तर धाडणाऱ्याला तसदी नको म्हणून. अशी एकेचाळीस पाकिटं गेली. परतलं एकही नाही.

गुणपत्रिकेच्या नकलेवर सरकारी साहेबाची सही लागते. जवळचा साहेब म्हणजे नळदुर्गचा जनावरांचा डॉक्टर. तर हा गडी हातात कागद धरून म्हशींच्या रांगेत उभा. मी छेडायचो, "काय रं, बी.ए.ला लस टोचून आणली का?"

तो म्हणायचा, "मामा, तिथं निदान इचारत्यात तरी, काय होतंय म्हणून."

गावात तेही कुणी विचारत नव्हतं. तो पारावर आला की बोलणं पाऊसपाण्यावर वळायचं. मुकादम त्याला बळंच चहा पाजायचा आणि आपण उठून जायचा.

संक्रांतीच्या सुमारास एका सहकारी कारखान्याची जाहिरात आली. उसाच्या वजनकाट्यावर कारकून पाहिजे. छापील फॉर्म होता, आणि त्याच्या तळाशी रकाना : गावातील दोन प्रतिष्ठित गृहस्थांची नावे व सह्या, नातेवाईक नसावेत.

बब्रुवान सोसायटीचे चेअरमन शिवलिंगप्पा यांच्याकडे गेला. ते म्हणाले, "सही करायला काय जातंय? पर उद्या तू माझ्यावर बी लिवशील." मग तो शाळेतल्या गुरुजींकडे गेला. गुरुजींनी त्याला चौथीपर्यंत शिकवलेलं. ते म्हणाले, "माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत, बाबा. मला भानगडीत घेऊ नको."

मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"मामा, म्या कुणाचं काय लिवलंय?"

सांगावं लागलं. हॉटेल, पाकीट, मुकादम, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं. तो बराच वेळ फॉर्मची घडी बोटानं दाबत राहिला.

"मग ठीक हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच नकोसा झालोय."

मी तसाच उठून शिवलिंगप्पांकडे गेलो. म्हणालो, ते सगळं माझं थोतांड, पोरगं नोकरीचे अर्ज लिहितंय. ते पोट धरून हसले. "आता त्याची वकिली करायला आलास व्हय? तुझं कवा खरं धरावं रं?" गुरुजींच्या दारात गेलो, तर आतून गुरुजींच्याच आवाजात कळलं की गुरुजी गावाला गेलेत. खोटं बोललो ते गावानं हातोहात घेतलं, खरं सांगायला गेलो तर गिऱ्हाईक मिळेना.

शेवटी मीच सही केली; मामा मी नुसता हाकेपुरता, नातं काही नाही. प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

"हुद्दा काय लिवू?" बब्रुवाननं विचारलं.

"शेजारी लिव."

त्यानं शांतपणे लिहिलं. खालची, दुसऱ्या सहीची ओळ मोकळीच राहिली. काल दुपारची डाक चुकली असती तर मुदत गेली असती, म्हणून दोघंच पेटीपाशी गेलो. राहवेना म्हणून मी म्हणालो, "बब्रुवान, एकच सही बघितली की फाडून टाकतील रं."

त्यानं पाकीट आत सोडलं.

"फाडू द्या, मामा. फाडायला तरी उघडून बघावं लागंल."