चटणीवर आळ

अरे, ये इकडं, माझ्याजवळ बस. परसाकडंला रक्त पडतंय आणि तू नुसता सब्जा पीत बसलास व्हय? आज मिरच्या भाजताना खकाणा उठला आणि तुझ्या काकांचा तो उन्हाळा आठवला. वीसेक वर्षं झाली. तवा त्यांना रोज मटण लागायचं, तेही करपेस्तोवर भाजलेलं; पालेभाजी म्हणजे जनावराचं खाणं. रक्त दिसलं तसं म्हणाले, "औंदाची तुझी चटणी लई उष्ण झालीया." मी बरणीच शेजारणीला देऊन टाकली, तरी रक्त थांबलं न्हाई. चेहरा पांढरा पडाय लागला, तशी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीनं आतडं बघितलं, आतली गाठ काढून तपासायला धाडली. म्हणाल्या, "चटणीला कशाला नावं ठेवता? रोज असलं करपलेलं मटण खाऊन आतडं आतनं सुजतं, गाठींचा धोका वाढतो. ही कॅन्सरची हाय का, ते रिपोर्ट आल्यावर कळंल." तोवर हे ताटातली मेथी गप खायचे. रिपोर्ट उघडून बाई वाचत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याच वाटेवर होती, पण वेळेत निघाली." बाहेर आल्यावर काका मला म्हणतात, "मग शेजारणीकडनं चटणी परत माग की." आज तेच काका गवारीला नाक मुरडत का होईना, पण माझ्यासमोर जेवतात. तूबी उद्याच तपासून घे, आणि काय निघंल ते सांगायला लवकर घरी ये बाबा, मी वाट बघते.