हवेचा स्क्रू

मूठ एकदम पिळली की माझी मोटरसायकल क्षणभर गुदमरायची आणि मगच पुढे झेपावायची. डांबरी रस्त्यावर हा क्षण कुणाच्या लक्षातही आला नसता. पण कुक्षीच्या वाटेवरच्या नाल्यात पाण्यातून बाहेर पडताच उभा चढ लागतो आणि तेवढ्या क्षणात गाडी मागे घसरते. मला हवे असलेले काम नेमके त्या नाल्यापलीकडे होते.

ही गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी धारच्या एका सरकारी कार्यालयात, हातपंपांचे पाणी तपासण्याच्या हंगामी कामावर लागले होते. नमुने गोळा करून आणणारी माणसे वेगळी आणि तपासणारी मी वेगळी. नमुने खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांतून येत, गोडेतेलाच्या बाटल्यांतून येत. एकदा एका बाटलीला देशी दारूचा स्वच्छ वास होता. मी पाणी तपासते आहे की बाटली, हे मलाच कळेनासे झाल्यावर साहेबांकडे जाऊन सांगितले की नमुने मी स्वतः जाऊन घेईन.

“मैडम, जीप एक ही है,” साहेब म्हणाले, “और उसमें मैं बैठता हूं.”

“माझी मोटरसायकल आहे, सर,” असे मी हिंदीत सांगितले, तेव्हा खोलीतल्या सगळ्या टेबलांवरचे काम थांबले. साहेबांना गंमत वाटली. गमतीतच त्यांनी अटही घातली. “दशहरे के दूसरे दिन मैं कुक्षी साइड दौरे पर हूं. आप अपनी गाड़ी से नाला पार करके दिखाइए. पार हो गईं तो कुक्षी और सरदारपुर दोनों आपके. नहीं तो यहीं बैठकर आराम से शीशियां धोइए.”

मोटरसायकल दोन स्ट्रोकची, भावाची जुनी. तो पुण्याला नोकरीवर जाताना ती देवासला बाबांच्या अंगणात ठेवून गेला होता. सुटीच्या दिवशी धारहून देवासला जाऊन मी तिचा पुढचा मडगार्ड उंच केला, खाचखळग्यांत चालणारे जाड नक्षीचे टायर चढवले, सायलेन्सर दगडांना लागू नये म्हणून वर वळवून घेतला आणि धुळीसाठी मोठा फिल्टर बसवला. एवढे केल्यावर इंजिन पूर्वीपेक्षा जास्त हवा ओढणार आणि पेट्रोल मात्र तेवढेच मिळणार, हे उघड होते. गुदमरणे त्यातून आले होते. उपायही उघड होता. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळणारे भांडे. प्रमाण बदलायचे, बस.

कार्बोरेटरमध्ये प्रमाण ठरवणाऱ्या गोष्टी तीन. मूठ जेमतेम पिळलेली असताना बाजूचा हवेचा छोटा स्क्रू, अर्धी पिळलेली असताना आतली निमुळती सुई, पूर्ण पिळली की बारीक भोकाचे पितळी जेट. मी मुठीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि नियम केला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, टोंकखुर्दच्या कच्च्या रस्त्यावर फेरी मारायची, प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काळा असेल तर जास्त, चहासारखा तपकिरी असेल तर जमले.

पण देवासच्या आमच्या वसाहतीत एका वेळी एकच गोष्ट बदलणे अशक्य होते.

बाबांसारखी तिथली सगळी माणसे महाराष्ट्रातून कारखान्यांत नोकरीला आलेली. आठवडाभर यंत्रे ऐकून रविवारी त्यांचे कान मोकळे राहत नसत. अंगणात मोटरसायकल उभी दिसली की फाटक उघडायचे, “चालू कर बघू” म्हणायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि खिशातला पेचकस काढून हवेचा स्क्रू थोडा फिरवायचा. घरी आलेल्याने चहा न घेता जाऊ नये, तसे स्क्रू न फिरवता जाऊ नये, अशी रीतच होती ती. न फिरवणे म्हणजे बाबांच्या गाडीबद्दल आस्था नसणे.

“बेटा, एवढा कसलास तर ती श्वास कशी घेणार?” असे म्हणून एक काका स्क्रू सैल करीत. तासाभराने दुसरे येत. “कोणी केलं हे? अगं, ही तर उपाशी मरते आहे!” आणि कसून टाकीत. संध्याकाळी मी प्लग काढून पाही, तर सकाळी पांढरा असलेला प्लग काळा. मी काय बदलल्याने? काहीच नाही.

“बाबा, त्यांना सांगा ना, हात लावू नका म्हणून.”

“असं कसं सांगणार? एवढ्या प्रेमाने येतात.” बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले आणि थांबून पुढे म्हणाले, “तसा मला स्वतःलाही तो अर्धा फेरा जास्तच उघडा वाटत होता. सकाळी मी जरा बसवला.”

मी स्क्रूच्या माथ्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब लावून त्याला मोहोर केली. पुढच्या रविवारी मोहोर गायब. शेजारच्या काकांनी नाण्याने खरवडून काढली होती. “काहीतरी लाल लागलं होतं गं, साफ केलं,” ते समाधानाने म्हणाले. साफ केल्यावर त्यांनी स्क्रूही फिरवला होता, हे सांगायला नको.

नवरात्र बसले. देवीच्या टेकडीवर जाणाऱ्यांच्या रांगांतून वाट काढीत मी गाडी देवासहून धारला आणली, आत्याकडे. मी कामासाठी तिच्याकडेच राहत होते. आत्याचे सासर धारचे जुने, संस्थानच्या चाकरीतले. आतोबा मितभाषी आणि यंत्रांविषयी पूर्ण उदासीन. त्या दिवसांत हा गुण मला फार मोठा वाटला. तिथल्या शांततेत काम भराभर झाले. सुईवर एक बारीक क्लिप असते. ती एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. घेतली. गुदमरणे निम्मे झाले. उरलेल्यासाठी एक नंबर मोठे जेट इंदूरहून आणले. खंडेनवमीच्या सकाळी कार्बोरेटर पूर्ण खोलला, भाग पेट्रोलने धुऊन स्टीलच्या ताटात मांडले, वर फडके घातले आणि सांध्यात बसवायची दोन गॅस्केटे आणायला बाजारात गेले.

परत आले तर ताट रिकामे.

देवघरात आतोबांच्या घराण्याची तलवार, जमीन मोजायची जुनी साखळी, विळी, कात्री आणि शिवणयंत्राची चावी यांच्या ओळीत माझा कार्बोरेटर बसला होता. आत्याने तो चिंचेने घासून देवाच्या उपकरण्यांसारखा लखलखीत केला होता. प्रत्येक भागाला हळद, कुंकू, गंध, अक्षता. जेटच्या भोकात कुंकू, हवेच्या वाटेत गंध. सुईची क्लिप काढून तीही घासली होती आणि परत बसवली होती, मधल्या खाचेत.

“मधोमध शोभून दिसते,” आत्या म्हणाली.

“आत्या, ते भोक केसाएवढं आहे! त्यात कुंकू भरलंस?”

“मग? शस्त्राला कुंकू लावत नाहीत की काय? ह्या घरात मुलीची हत्यारं पहिल्यांदा पूजेला लागली, तू ओरडतेस काय अशी?”

मी उचलायला हात पुढे केला, तर तिने मनगटच धरले. “उद्या उत्तरपूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मांडलेलं हत्यार उचलत नाहीत.”

“मला परवा सकाळी नाल्यावर जायचंय.”

“परवा ना? उद्या दसरा आहे. उद्या उचल.”

मी आतोबांकडे पाहिले. ते तलवारीकडे पाहत होते. आम्लाने पितळेच्या कडा किती खाल्ल्या असतील, भोकाचा व्यास बदलला असेल का, याचे अंदाज बांधत मी अख्खा दिवस त्या देवघरासमोर घिरट्या घातल्या. मुख्य म्हणजे तिला दोष देता येत नव्हता. आमच्या वसाहतीतल्या एकाही काकाने ह्या गाडीला माझी म्हटले नव्हते. ते बाबांच्या गाडीचा स्क्रू फिरवत होते. आत्याने मात्र न विचारता माझी हत्यारे म्हणून टाकले होते आणि नेमक्या त्याच कौतुकाने माझे काम बुडवायची व्यवस्था केली होती.

दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याबरोबर मी सगळे भाग पुन्हा पेट्रोलमध्ये बुडवले. जेटच्या भोकात कुंकू वाळून बसले होते. तार घातली तर भोक मोठे होणार. केरसुणीची बारीक काडी चालली. केरसुणी लक्ष्मी, तेव्हा आत्याचीही हरकत नव्हती. क्लिप खालच्या खाचेत आणली, गाडी जोडली, रस्त्यावर जाऊन एकदम मूठ पिळली. थबकली नाही. पुन्हा पिळली, पुन्हा नाही. प्लग तपकिरी. चिंचेने काही बिघडवले नव्हते, किंवा बिघडवले असेल तर माझ्या सोयीचे. कोणते ते मोजायला साधन नव्हते आणि याचाही मला रागच आला.

मी परतले तेव्हा आत्या झेंडूची माळ आणि कुंकवाचा करंडा घेऊन दारात उभी.

“आता आणि काय?”

“गाडीची पूजा राहिली ना. ह्यात मुख्य काय असतं तुझं?”

वाद घालायची ताकद नव्हती. मी हवेच्या स्क्रूकडे बोट दाखवले. तिने त्याच्या माथ्यावर ठसठशीत ओले कुंकू लावले, वर अक्षता चिकटवल्या, हात जोडले. बाहेरून लावलेल्या कुंकवाने प्रमाण बदलत नाही, म्हणून मी लावू दिले.

दुसऱ्या दिवशी नाल्यावर जीप माझ्या पुढे होती. ती पाण्यातून बाहेर पडली आणि चढाच्या तोंडाशी मागची चाके सुट्या दगडांत फिरत राहिली. मला तिच्या बाजूने जायचे होते, म्हणजे वेग घेऊन चढण्याची सोय उरली नव्हती. पाण्यातून जवळजवळ चालण्याच्या गतीने आले, पुढचे चाक दगडांवर टेकले तेव्हा मूठ पूर्ण पिळली. इंजिनाने विचार केला नाही. मी वर पोहोचून इंजिन चालू ठेवूनच गाडी उभी केली आणि साहेब, ड्रायव्हर व गोळा झालेले गावकरी जीपला धक्का देत होते ते पाहत बसले.

साहेब चिखलाच्या बुटांनी चालत वर आले. धापा टाकत त्यांनी मोटरसायकल सगळ्या बाजूंनी पाहिली.

“पिकअप तो जबरदस्त है. किससे बनवाई?”

“मैंने बनाई, सर.”

ते हसले आणि ड्रायव्हरकडे वळले. “सुना? मैडम ने बनाई!” मग माझ्याकडे वळून, काहीशा नाराजीने, “ठीक है. सोमवार से कुक्षी-सरदारपुर आप देखिए. बोतलें भी अपनी ले जाइए.”

मी अजून आभार मानते आहे तोच ते गाडीजवळ उकिडवे बसले, डोळे मिटून इंजिन ऐकू लागले. ती मुद्रा मी ओळखली. देवासपासून इथवर तिने पाठ सोडली नव्हती.

“थोड़ी हवा ज्यादा ले रही है,” ते म्हणाले. “पेचकस है क्या?” ड्रायव्हरने लगेच दिला. साहेबांचा हात स्क्रूकडे गेला.

“सर, पूजा की है!” मी ओरडले.

हात तिथेच थांबला. त्यांनी डोळे उघडून स्क्रूकडे पाहिले. कुंकू धुळीने मळले होते, पण होते. दोन अक्षताही टिकल्या होत्या.

“दशहरे की?”

“जी. घर की पूजा है. हाथ नहीं लगाते.”

“हां हां, सही बात.” साहेबांनी पेचकस ड्रायव्हरला परत दिला, बोटांची टोके स्क्रूपासून अदबीच्या अंतरावर जोडून नमस्कार केला आणि उठले.

सोमवारी निघण्यापूर्वी मी आत्याकडे कुंकवाचा करंडा मागितला. स्क्रूवरचे पुसट झाले होते. ती इतकी प्रसन्न झाली की मी कारण सांगितले नाही.