नात्यांचा कोपरा

वैजिनाथ फोन उचलण्याआधी शर्टाचं वरचं बटण लावायचा. गिऱ्हाईक बोलायला लागलं की पाठ फिरवून बसायचा, कुणाच्या घरचं ऐकू नये म्हणून. चहा बशीत ओतायचा आणि पहिल्या घोटाआधी बशी कपाळाला लावायचा. लिंगपूजेचं पाणी मोरीत जाऊ द्यायचा नाही. झाडाच्या मुळाशी नेऊन ओतायचा. आणि शेवटच्या चार महिन्यांत येता-जाता घरच्या भिंतीवर तळहात टेकवून बघायचा.

ही शेवटची सवय शहादेवला फार उशिरा दिसली.

धारूरला, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, वैजिनाथचं एसटीडी बूथ होतं. आई-बाप गेलेले. घरात तो आणि बहीण ईश्वरी. तिला तिसावं लागलं होतं. दोन स्थळं बघून गेली होती. पुन्हा कुणी काही कळवलं नव्हतं. वैजिनाथनं स्वतःचं लग्न त्यापायी थांबवलं होतं. त्याला दुसरं काही सुचतच नसे.

शहादेव गल्लीतलाच, बूथवर येऊन बसणारा, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. मराठी घेऊन बी. ए. झालेला, क्लाससाठी बीडला जाणारा. नव्व्याण्णवच्या आषाढात बीडच्या स्टँडवर त्याला एक पातळ पुस्तक दिसलं. घरात कोणती झाडं कुठं ठेवावीत ते सांगणारं, फेंगशुईचं. त्यानं ते गंमत म्हणून घेतलं.

"अप्पा, चीनचा मांत्रिक आणलाय तुमच्यासाठी."

"वाच बे," वैजिनाथ म्हणाला.

शहादेवनं हसत हसत वाचलं. नैऋत्येचा कोपरा नात्यांचा. तिथं जोडीनं झाडं ठेवावीत. माती सुकू देऊ नये. वेल उंबऱ्याकडे वळवला की नातं दारातून आत येतं.

वैजिनाथ हसला नाही. "तो कोपरा मंजी ईश्वरीची खोली," एवढंच म्हणाला.

आठवड्यात सहा झाडं आली. तेलाच्या डब्यांना तळाशी भोकं पाडून त्यानं ती भिंतीलगत मांडली. दोन मनी प्लांट, चार रुंद पानांची. हापशावरून घागरी आणून दोन वेळा पाणी. पूजेचं पाणीही आता तिथंच.

घर धाब्याचं, सपाट मातीच्या छताचं, भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या. दरसाल पावसाआधी त्याचा बाप धाब्यावर नवी माती टाकायचा. थेंब भिंतीत उतरू नये, यासाठी माणसानं जन्म घालवला. ते पाणी कुणी आतून घालील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

श्रावणात वेलाला नवी पानं फुटली. त्याच आठवड्यात केजहून एका स्थळाचा फोन आला. वैजिनाथनं फोन ठेवला, उठून आत गेला आणि वेलाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. त्या दिवसापासून पाणी तीन वेळा.

भाद्रपदात चुना सुटला. ईश्वरीनं बाज समोरच्या भिंतीला सरकवली. दिवाळीत भिंत पोट आल्यासारखी पुढं दिसू लागली. झाडं मात्र अशी तरारली होती की बघायला शेजारणी यायच्या.

धोंडीराम गवंडी फोन करायला आला आणि आत डोकावला. त्यानं भिंतीला बोट लावलं. बोट दोन पेरं आत गेलं.

"अप्पा, ही भिंत न्हाई, शिरा हाय."

"सोमवारी पाहुणे येणारेत, धोंडीराम."

"मग वाढा की त्यान्ला." पण हसता हसता तो थांबला. "चेष्टा न्हाई करत. डबे आजच अंगणात काढा. कोपऱ्याला टेकू द्या."

"सोमवार होऊ दे. काढतो."

"अण्णा," ईश्वरी म्हणाली, "मला नवरा नको. कोरडी खोली दे."

"जमत आलंय गं. आता हलवलं अन् मोडलं, तर?"

शहादेव दारातच उभा होता. ते पुस्तक मी गंमत म्हणून आणलं होतं, असं शहादेवला म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही.

सोमवारी लख्ख ऊन होतं. ईश्वरी शेजारी छबुबाईकडे वेणी घालायला गेली होती. शहादेव बूथवर बसला होता. आत वैजिनाथ भिंतीवर खिळे ठोकत होता. पाहुणे यायच्या आत वेल उंबऱ्यापर्यंत न्यायचा होता.

"शहाद्या, किती वाजले?"

"साडेनऊ."

"होतंय तर मग."

फोन वाजला. केजहून निघतोय, पलीकडचा माणूस म्हणाला.

"अप्पा, निघाले!" शहादेव ओरडला.

ठोकणं क्षणभर थांबलं. मग दोन ठोके पडले. मग एक आवाज झाला. मोठा नव्हता. भरलेलं पोतं खाली टाकल्यासारखा. दाराच्या फटीतून पांढरी धूळ बूथमध्ये आली. फोनमध्ये तो माणूस हॅलो, हॅलो म्हणत राहिला.

दहा वाजता लोकांनी वैजिनाथला मातीतून काढलं. लिंगायतांत दहन करत नाहीत. संध्याकाळी त्याला पुन्हा मातीत बसवलं.

वाटेत बातमी ऐकून पाहुणे तिथूनच परतले. पुन्हा फोन आला नाही. बूथ आता ईश्वरी चालवते. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तीही पाठ फिरवून बसते.

दाराजवळची हातभर भिंत पडली नाही. तिच्यावर वैजिनाथनं पेन्सिलीनं फुल्या करून ठेवल्या होत्या, उंबऱ्यापर्यंत. तीन फुल्यांत खिळे मारायचे राहिले आहेत.